आजचे कठीण शब्द

भूगर्भशास्त्र विभागात एक शवपेटी होती.

म्हणजे पोरं तिला शवपेटी म्हणायची! खरं तर ती साधी सागवानी पेटी. जमिनीत खोल बोअर मारला की दगडाचे जे गोल दांडके वर निघतात, ते ओळीने निजवून ठेवायची. आत सात खोबणी, प्रत्येक खोबणीत सहा कप्पे, सगळे अगदी मोजून सारख्या अंतरावर. पण डॉ. यामिनी ठोंबरे यांच्या राज्यात तिथे दगड निजत नसत, मोबाइल निजत. दारातून आत आलं की फळ्याला लागूनच ही पेटी. आधी मोबाइल पेटीत, मग आपण बाकावर.

साल होतं दोन हजार एक्केचाळीस. पूर्णाकाठ विद्यापीठातल्या बाकी सगळ्या वर्गांत मोबाइल बाकावर उघडे असायचे. मास्तर बोलायचे आणि मोबाइल ऐकायचे. फक्त या एका वर्गात अजून खडू होता, फळा होता आणि ठोंबरे मॅडमचा खणखणीत आवाज होता.

"चला बे, प्रेतं उतरवा!" अंकुशने सोमवारी सकाळी आरोळी ठोकली आणि आपला मोबाइल पेटीत निजवला.

"अंकुश, तुझं प्रेत जरा जास्तच चकाकतंय," मॅडम फळा पुसता पुसता म्हणाल्या. "नवीन घेतलंस?"

"हाव मॅडम. मामानं दिला."

"मामाला सांग, भाच्याला एक हातोडापण घेऊन द्या. दोन महिने झाले, प्रॅक्टिकलचा दगड काही तुझ्याच्यानं फुटत नाही."

वर्ग खो खो हसला. एक्केचाळीस पोरं होती आणि एकही तास बुडवत नव्हती. मॅडम बोलायला लागल्या की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थेट बाकांखालून वाहायचा. आणि यंदाची पोरं तर काय विलक्षण हुशार! मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत पहिला बाक शब्द ओठांवर आणून द्यायचा. मॅडमना त्याचा कोण अभिमान! स्टाफरूममध्ये त्या सगळ्यांना ऐकवायच्या, "बघा, मोबाइल काढून घेतला की डोकं कसं धावतं ते!"

तास संपला तेव्हा दारात प्रफुल्ल मेश्राम उभा होता. पंधरा वर्षांपूर्वी हाही याच बाकांवर बसायचा. मग दगड सोडून संगणकाकडे वळला आणि आता विद्यापीठाच्या अध्यापन तंत्र कक्षाचा प्रमुख झाला होता. त्याच्या हातात एक कागद होता. चक्क कागद! कारण मॅडम मोबाइलवर फॉर्म भरत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, त्रेसष्टपैकी बासष्ट आले. तुमचाच राहिला."

कागदावर मथळा होता, 'अध्यापनात मोबाइलचा वापर : प्राध्यापकांचा दृष्टिकोन'. चाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. शुक्रवारी विद्या परिषदेची बैठक होती. 'उजळणी' नावाची ती मोबाइलप्रणाली सगळ्या वर्गांना सक्तीची करायची की नाही, ते तिथे ठरायचं होतं.

"धोटेसरांनी काय लिहिलं?" मॅडमनी विचारलं. धोटेसर म्हणजे इतिहासाचे, विद्यापीठातले सगळ्यात खुशालचेंडू गृहस्थ.

"चाळीसही ठिकाणी पूर्ण सहमत. मोबाइलमुळे वर्गाचा फायदा होतो, पूर्ण सहमत. मोबाइलमुळे वर्गाचं वाटोळं होतं, तेही पूर्ण सहमत."

मॅडम इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या प्रश्नापासून खटाखट पूर्ण असहमतवर फुल्या मारायला सुरुवात केली.

"अहो मॅडम, निदान वाचा तरी!" प्रफुल्ल काकुळतीला आला. "उजळणी काही वाईट नाही. मास्तर बोलतो ते ती ऐकते. पोराला मागच्या वेळी काय कळलं नव्हतं ते तिला माहीत असतं, तेवढंच घरी पुन्हा समजावून देते. गोंडीत हवं तर गोंडीत, कोरकूत हवं तर कोरकूत. शिवाय तुमच्याच वर्गाच्या नोंदी सगळ्यात स्वच्छ आहेत. पंख्याची घरघरसुद्धा नाही."

मॅडमचं पेन थांबलं. "कुणाच्या वर्गाच्या?"

"तुमच्या. तीन वर्षांच्या आहेत." प्रफुल्ल गोंधळला. "मला वाटलं, तुम्ही गुपचूप परवानगी दिली असेल. वरून रागवायचं, आतून हो म्हणायचं."

मॅडम उठल्या आणि तडक वर्गात गेल्या. पोरं गेली होती, पेटी रिकामी होती. सात खोबणी, सहा-सहा कप्पे, फळ्याला लागूनच. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

दर वर्षी दुसऱ्या सत्रात त्या हेच तर शिकवायच्या! जमिनीखाली काय आहे ते खणल्याशिवाय कसं कळतं? जमिनीत जिओफोन रोवायचे. म्हणजे खुंटीसारखे कान. सारख्या अंतरावर, ओळीने. मग दूरवर जमिनीवर एक दणका द्यायचा. त्याचा आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला केसभर उशिरा. त्या केसभर फरकांची बेरीज केली की वरची गडबड गळून पडते आणि खालचा एकेक थर स्पष्ट दिसू लागतो. एक कान बहिरा असतो. बेचाळीस कान ओळीने बसवले की दगडाच्याही पोटातलं ऐकू येतं.

आणि मोबाइल नको, मोबाइल नको म्हणत ठोंबरे मॅडमनी स्वतःच्या हातांनी, मोजून, सारख्या अंतरावर, आपल्यासमोर काय मांडलं होतं? कानांची रांग! बाकीच्या वर्गांत मोबाइल कुणाच्या वहीखाली असतो, कुणाच्या खिशात. इथे मात्र सगळे शिस्तीत, ओळीने, एका माणसाकडे कान लावून. तीन वर्षं. आणि त्या कानांखाली कोणती जमीन होती? त्या स्वतः.

"पण मी मोबाइल काढून घेत होते," त्या पुटपुटल्या.

"काढून घेत होतात. बंद करा असं कधी म्हणालात?" प्रफुल्ल दारातून म्हणाला. तो हसला नाही, आणि तेच मॅडमना खटकलं. हा पोरगा असल्या फजितीवर हसल्याशिवाय राहणारा नव्हता.

"प्रफुल्ल, कागद तर शिपायाच्या हातीपण पाठवता आला असता. तू स्वतः का आलास?"

त्याने मान खाली घातली. मग मोबाइल उघडून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर एक रेघ होती. हिरव्या पट्ट्यात सुरू झालेली, हळूहळू उतरत पिवळ्याच्या कडेला टेकलेली.

"याला वाचिक प्रवाह म्हणतात," तो म्हणाला. "बोलताना आपण शब्द शोधतो ना मॅडम, ते शोधणं आवाजात दिसतं. नामाच्या आधीचा थांबा, 'ते', 'हे', 'काय ते' यांची संख्या, वाक्यं किती आखूड होतात... दोन माणसांची तुलना करून काही कळत नाही. पण तोच माणूस, तोच धडा, दर वर्षी, आणि इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण असेल तर..." तो अडला. "तर विस्मरणाचा आजार डॉक्टरांच्या पाच-सात वर्षं आधी दिसतो. नेहमीच खरं ठरतं असं नाही. पण बरेचदा ठरतं."

मॅडमची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. शेवटची दोन वर्षं ती मुलीला 'अहो बाई' म्हणून हाक मारत होती, आणि सारखी विचारायची, "अहो बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

"ऐकव," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"नोंदी आहेत ना? मग ऐकव."

प्रफुल्लने तीन वर्षांपूर्वीचा एक तास लावला. रिकाम्या वर्गात मॅडमचाच आवाज घुमला, टणक आणि सरळ. "बेसाल्टच्या पोकळ्यांत सिलिका मिसळलेलं पाणी झिरपलं आणि गारगोटीचे स्फटिक वाढत गेले."

मग त्याने मागच्या आठवड्यातला तोच धडा लावला.

"बेसाल्टच्या त्या... त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि हे वाढत गेले, पांढरे, काचेसारखे..."

"गारगोटी!" पहिल्या बाकावरून एका मुलीचा आवाज.

"शाब्बास!" मॅडमचा आवाज.

मॅडमना हा प्रसंग आठवत होता. शाब्बास आठवत होतं. मधला थांबा मात्र त्यांच्या आठवणीत नव्हताच.

प्रफुल्लने मोबाइल खिशात टाकला आणि घाईघाईने सांगायला लागला. शुक्रवारच्या ठरावात अकराव्या पानावर एक कलम होतं. बासष्टपैकी एकानेही ते वाचलं नव्हतं. ज्याची रेघ सलग तीन महिने पिवळ्याखाली राहील, त्याने वैद्यकीय मंडळापुढे जायचं. तोवर त्याचे तास त्याच्याच जुन्या आवाजात मोबाइल घेणार. म्हणजे वर्गात ठोंबरे मॅडमच शिकवतील, पण तीन वर्षांपूर्वीच्या!

"पण तुमच्या नोंदी परवानगीशिवाय झाल्यात," तो म्हणाला. "शुक्रवारी अकराच्या आत एक अर्ज द्या. मला सगळं पुसावंच लागेल, नियमच आहे. रेघ नाही, तर प्रश्नही नाही. कुणाला कळणार नाही. मी तर मेलो तरी बोलणार नाही."

"आणि पुसलं तर डॉक्टरला काय दाखवायचं?"

ज्यांना लवकर कळतं त्यांना नवी औषधं लागू पडतात आणि उतार पुष्कळ वर्षं रोखता येतो, हे प्रफुल्ललाही माहीत होतं. पण त्यासाठी डॉक्टरांना जुना आवाज लागतो. आज नव्याने मोजायला सुरुवात करायची, तर पुढची तीन वर्षं वाट बघत बसायचं. तेवढ्यात काय काय गेलेलं असेल?

अर्ज दिला तर वर्ग राहणार होता, पण रोग नकळत वाढणार होता. नाही दिला तर उपचार मिळतील, पण वर्ग जाईल. आणि वर्गाशिवाय ठोंबरे मॅडम म्हणजे नुसती यामिनी ठोंबरे नावाची एक घाबरलेली बाई.

दुपारी त्यांनी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. नमुन्यांचं कपाट उघडलं आणि एकेक दगड उचलून मोठ्याने नाव घ्यायला सुरुवात केली. बेसाल्ट. ग्रॅनाइट. अभ्रक. संगजिरा. गारगोटी, हो, गारगोटी! हेमॅटाइट, कॅल्साइट, स्टिलबाइट. चाळीसच्या चाळीस! एकही चुकला नाही, कुठे अडखळल्या नाहीत. मॅडमना हसू फुटलं. यंत्र ते यंत्रच! त्याला काय कळतंय, मास्तर वर्गात मुद्दाम थांबतो, पोरांनी डोकं चालवावं म्हणून थांबतो!

हात दगडांच्या धुळीने पांढरे झाले होते. ते धुवायला त्या कोपऱ्याकडे वळल्या आणि सहज मनात आलं, शिपायाला सांगायला हवं, हा गळतोय. हा म्हणजे हा. भिंतीतून आलेला, पितळेचा, वर चावी असते तो. पाणी येतं तो.

थेंब पडत होते. टप. टप. टप.

मॅडम दोन्ही हात पुढे धरून उभ्या होत्या. स्टिलबाइट आठवत होता. आणि हा, रोज सकाळी उठल्या उठल्या जो पहिल्यांदा सोडतो तो...

नळ! नळ, नळ, नळ. त्यांनी तो शब्द इतक्या वेळा म्हटला की त्यातला अर्थच निघून गेला. मग त्या तशाच पांढऱ्या हातांनी स्टुलावर बसल्या.

मंगळवारी तास झाल्यावर त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला थांबवून घेतलं. हिनेच 'गारगोटी' म्हटलं होतं. सडपातळ, दोन वेण्यांची, प्रश्न विचारताना आधी स्वतःच हसणारी पोरगी.

"ये गं इकडे," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगशील? तुम्ही लोक मला शब्द देता का?"

मुलीचा चेहरा खाडकन उतरला. "मॅडम, आम्ही... आमचा काही वाईट हेतू..."

"मी चिडले नाहीये. कधीपासून?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर." ती बोटांत ओढणी गुंडाळत होती. "उजळणीत रोज एक यादी येते, मॅडम. 'आजचे कठीण शब्द'. चांगले मास्तर कठीण शब्दाच्या आधी थोडे थांबतात ना? मग मोबाइल काय समजतो, मास्तर थांबले म्हणजे पुढचा शब्द कठीण. आज कोणता धडा आहे ते वेळापत्रकावरून त्याला कळतं, आणि तुम्ही कुठं थांबाल ते तो आधीच सांगतो. पहिल्यांदा यादी बरोबर वाटायची. स्तरभ्रंश, झिओलाइट असं काही. मग एक दिवस यादीत आलं, 'नदी'."

"नदी?"

"आम्ही लई हसलो, मॅडम. अंकुश म्हणाला, मोबाइल बावळट झाला बे, नदी म्हणे कठीण शब्द! आणि मग त्या दिवशी तुम्ही बोलता बोलता थांबल्या. 'नदी'पाशीच." तिचे डोळे भरून आले. "माझ्या आजोबांचं असंच झालं होतं. मग मी वर्गात सगळ्यांना सांगितलं, यादी वाचून यायची. मॅडम थांबल्या की जो पहिल्या बाकावर असेल त्यानं शब्द द्यायचा, पण उत्तर दिल्यासारखा. कोणी हसायचं नाही. अंकुशलापण दम दिला आहे."

मॅडमना वाटलं, आपण सभ्यपणे 'थँक यू' म्हणावं. आपली हुशार पोरं! वाक्य पुरं व्हायच्या आत शब्द देणारी!

"उद्याची यादी आली?"

"ती... सकाळीच येते, मॅडम."

"खोटं बोलू नकोस. तुला नीट जमत नाही."

मुलीने पेटीतून मोबाइल आणला. यादीत नऊ शब्द होते. पहिले पाच वाचून मॅडमना हायसं वाटलं, ते खरंच कठीण होते. सहावा 'खडक'. सातवा 'ओढा'. आठवा 'परवा'. नवव्या शब्दावर मुलीने अंगठा ठेवला होता.

"अंगठा काढ."

"मॅडम, प्लीज. यंत्र आहे ते, त्याचं चुकतं कधी कधी..."

मॅडमनी तो अंगठा हलकेच बाजूला सारला. नववा शब्द होता, 'पौर्णिमा'.

भूगर्भशास्त्राच्या धड्यात पौर्णिमा कशाला? मॅडमनी वर पाहिलं. समोरची मुलगी रडू आवरत उभी होती. आणि मॅडमच्या लक्षात आलं की गेले काही दिवस आपण हिला 'ये गं', 'तू गं', 'पहिल्या बाकावरची' अशीच हाक मारतोय. आतासुद्धा तशीच मारली. हिचं नाव आत्ता, या पडद्यावर वाचल्यावर कळलं.

"पौर्णिमा," त्या म्हणाल्या. "पौर्णिमा गेडाम. मला चांगलं ठाऊक आहे."

"हो मॅडम," पौर्णिमा म्हणाली. दोघींनाही ते खोटं होतं हे कळलं.

शुक्रवारी सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. त्रेसष्ट प्राध्यापक, समोर चहा, बिस्किटं आणि टेबलावर उताणे पडलेले त्रेसष्टच्या जवळपास मोबाइल. कुलगुरू घड्याळाकडे बघत होते. ठराव म्हणजे नुसती औपचारिकता होती. प्रफुल्ल कोपऱ्यात बसला होता आणि दर मिनिटाला मॅडमच्या हातातल्या पाकिटाकडे पाहत होता. अकराला पाच मिनिटं होती.

"ठोंबरे मॅडम, तुमचा एकटीचाच विरोध आहे," कुलगुरू म्हणाले. "बोला थोडक्यात. मॅडमचं आपल्याला पाठच आहे म्हणा."

हशा पिकला. मॅडम उठल्या. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मी मोबाइल वर्गात येऊ देत नाही, कारण पोरांचं लक्ष उडतं, असं मी तुम्हांला सांगत आले. ते खरं आहे की नाही, कुणास ठाऊक. पण तुम्ही सगळ्यांनी हो म्हटलं ते कशाला? तुम्हांला वाटलं, हे यंत्र पोरांचं ऐकतं. पोरांना काय कळत नाही ते शोधतं. अहो, वर्गात बोलतं कोण? तासभर अखंड बोलतं कोण? आपण! ते आपलं ऐकतंय!"

मॅडमनी समोरचा ठराव पुढे ओढला.

"अकरावं पान उघडा. मी वाट बघते."

पानं उलटल्याचा आवाज झाला.

"माझी रेघ पिवळ्याला टेकली आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे माझे शब्द हरवतायत. माझ्या आईचे हरवले तसे. हे मला कळायच्या आधी प्रफुल्लला कळलं. त्याच्या आधी माझ्या एक्केचाळीस विद्यार्थ्यांना कळलं. त्यांना आदल्या दिवशी कळतं, उद्या माझा कोणता शब्द जाणार ते! सगळ्यात शेवटी कळलं मला. या पाकिटात अर्ज आहे. दिला की सगळं पुसलं जाईल आणि सोमवारी मी काही झालंच नाही अशा थाटात तासाला उभी राहीन."

त्यांनी पाकीट उचललं. प्रफुल्ल अर्धवट उठला. मॅडमनी ते मधोमध फाडलं. मग परत एकदा.

"सोमवारी मी ही रेघ घेऊन डॉक्टरकडे जाणार आहे. माझं जे व्हायचं ते होईल. माझी मागणी एकच आहे. ज्याची रेघ आहे, ती आधी त्याच्या हातात पडू द्या. त्याच्या पोरांच्या नाही, साहेबांच्या नाही. आणि जिवंत माणूस समोर उभा असताना त्याचा जुना..." त्या थांबल्या. सभागृहातले सगळे डोळे त्यांच्यावर खिळले. "त्याचा जुना... ते, बोलतो ते..."

कुणी शब्द दिला नाही. इथे पहिला बाक नव्हता. धोटेसरांच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून पडलं.

"आवाज!" मॅडम म्हणाल्या. "जुना आवाज त्याच्या जागी उभा करू नका."

त्या खाली बसल्या. मग एक मोबाइल पालथा पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग ओळीने खट, खट, खट, सगळ्या टेबलांवरून. धोटेसरांनी आपला मोबाइल पालथा घालून वर चहाची बशी ठेवली आणि अगदी हळू आवाजात, घसा खाकरत विचारलं, "प्रफुल्ल, अरे... माझीपण असेल का रे?"

प्रफुल्ल जमिनीकडे पाहू लागला. आणि सगळं सभागृह प्रफुल्लकडे पाहू लागलं. या पोराने सगळ्यांच्या रेघा बघितल्या आहेत, हे त्या क्षणी एकदमच त्रेसष्ट जणांच्या डोक्यात शिरलं.

ठराव दुरुस्तीसाठी परत गेला. मतं मोजायचीही वेळ आली नाही. पण मॅडम साडेबाराच्या तासाला निघाल्या तेव्हा तंत्र कक्षाबाहेर रांग लागलेली होती. रक्त तपासायला आल्यासारखे सगळे एकमेकांची नजर चुकवत उभे. कुणी पुसून टाक म्हणायला आलं होतं, कुणी दाखव म्हणायला, आणि पुष्कळांचं काय म्हणायचं ते ठरलेलंच नव्हतं. कालपर्यंत चाळीस ठिकाणी पूर्ण सहमत असलेली माणसं! रांगेत सगळ्यांत पुढे धोटेसर होते. मॅडमना पाहून ते हसायला गेले आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं.

वर्गात मॅडम शिरल्या तेव्हा पोरं उभी राहिली. एरवी उभी राहत नसत. म्हणजे बातमी पोचली होती.

"बसा. आधी एक गोष्ट," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मला सहा महिने शब्द दिलेत. मी ते विसरणार नाही." अंकुशच्या ओठांवर काहीतरी आलं आणि त्याने ते गिळलं. मॅडमच हसल्या. "हो हो, कळलं, विनोद झाला. हसा! पण आजपासून शब्द द्यायचे नाहीत. शब्द आयता मिळाला की मी शोधायचं सोडून देते. सोमवारी डॉक्टर काय सांगतील, पुढचे तास कोण घेईल, मला माहीत नाही. पण आजचा तास माझा आहे. मी अडले की थांबायचं. कितीही वेळ लागला तरी."

"आणि नाहीच आला तर, मॅडम?" पौर्णिमाने विचारलं.

"तर मी फळ्यावर चित्र काढीन."

मॅडमनी खडू उचलला आणि पूर्णेच्या खोऱ्यात जमीन कशी तयार झाली ते सांगायला लागल्या. आवाज लागला. लाव्हा थंडावला, डोंगर झिजले, पाणी उतारावरून धावत सुटलं. एक्केचाळीस जण श्वास धरून ऐकत होते, पण धडा कुणीच ऐकत नव्हतं. प्रत्येक वाक्याच्या टोकाशी, आता थांबतात की काय, एवढंच ऐकत होते.

"आणि पूर ओसरला की नदी मागे काय ठेवून जाते? तर..."

मॅडम थांबल्या.

पौर्णिमाला शब्द माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता. पावसाळ्यानंतर घरोघरच्या पायऱ्यांवरून तो खरवडून काढावा लागतो! तिने दोन्ही ओठ दातांखाली घट्ट धरले. मॅडमनी डोळे मिटले होते. खडूचा हात हवेत तसाच राहिला होता. पाच सेकंद. दहा. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दाबला. मॅडमच्या कपाळावर घाम आला आणि त्या कुजबुजल्यासारख्या बोलायला लागल्या, "मऊ असतो. काळा असतो. पाय रुततो त्यात. आई ओरडायची, ते पाय घेऊन घरात येऊ नकोस..."

वीस सेकंद. पंचवीस.

"गाळ!" मॅडम ओरडल्या.

शेजारच्या वर्गातसुद्धा ऐकू गेलं असेल! एक्केचाळीस छातींतून एकदम श्वास सुटला. अंकुशने बाकावर थाप मारली. पौर्णिमा हसत हसत रडायला लागली. मॅडमनी फळ्यावर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला, क्षणभर तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, मग वळल्या आणि पुढचं वाक्य सुरू केलं. आणि लगेच सगळा वर्ग पुन्हा चिडीचूप झाला.